रथोत्सवाचा शिक्का आणि न निघालेले पत्र

एखाद्या देवस्थानाचा रथोत्सव आला की टपाल खाते विशेष पाकीट काढते, त्यावर रथाचे चित्र असलेला शिक्का उमटविते, व्यासपीठावर अनावरण होते आणि आयोजक त्यासाठी रीतसर शुल्क भरतात. शासनाने धर्मकार्यात पडू नये, म्हणून या प्रथेस विरोध करणारे काही आहेत. तो आक्षेप मला मान्य नाही. शिक्का ही पूजा नव्हे. अमुक गावी, अमुक दिवशी हे पत्र शासनाच्या हाती आले, एवढीच ती ग्वाही. उत्सवास ती तिकिटापेक्षा अधिक शोभते. पुरीच्या रथयात्रेवर २०१० साली तिकीट निघाले; पण तिकीट रथाचे रूप दाखविते, दिवस सांगत नाही. जेथे रथ दर वर्षी नव्याने घडविले जातात, तेथे वर्षाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

माझा आक्षेप निराळा आहे. हे पाकीट बहुधा कोठेच जात नाही. तिकीट म्हणजे सेवेची आगाऊ घेतलेली किंमत. संग्राहकाच्या कपाटात गेलेल्या पाकिटावरचे पाच रुपये हा सेवा न देता मिळालेला महसूल होय. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर वर्षानुवर्षे तोटा सोसणाऱ्या खात्यास त्याचा मोह पडावा, हे समजू शकते. परंतु न झालेल्या प्रवासाचा शिक्का रेखीव आणि खऱ्या पत्रावरचा शिक्का मात्र शाईचा डाग, हे कसे समजून घ्यावे? अर्जाची, अपिलाची मुदत ज्या तारखेवर ठरावयाची, ती भिंगातूनही लागत नाही, असे लिफाफे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. स्पीड पोस्टला बारकोड असतो, हे उत्तर ठरलेले. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही त्यात विलीन झाले. मग साध्या टपालाने अर्ज धाडणाऱ्याने पुरावा कोठून आणावा?

(हंपीच्या विठ्ठल मंदिरातील दगडी रथ जागचा हलत नाही, तरी २०१७ पासून पन्नासाच्या नोटेवर देशभर फिरतो आहे. टपाल खात्याने चालत्या रथाला पाकिटात बसवून ठेवले!)

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागास ज्याच्यावरून नाव पडले, त्या काडू मल्लेश्वराच्या देवळास व्यंकोजीराजांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे. कोणी, कोणास, केव्हा दिले, हे साडेतीनशे वर्षांनंतरही त्यावरून कळते. आमचा शिक्का तीन दिवसांत अवाचनीय होतो.

तेव्हा खात्याने समारंभ खुशाल करावा. मात्र रथाचा शिक्का देवळाजवळच्या डाकघरात ठेवावा आणि रथाच्या दिवशी तेथील पेटीत पडलेल्या प्रत्येक पत्रावर, मागणीवाचून व शुल्कावाचून, तारीख वाचता येईल असा मारावा. शाईची गादी नवी लागेल. तिचा खर्च अनावरणाच्या शालींत भागेल.