न विकलेल्या जमिनीचा भाव

एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असे मालवण तालुक्यातील देवबाग. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, 9 ऑक्टोबर 2021 रोजी चिपी विमानतळ सुरू झाला, आणि जेथे पूर्वी रापण ओढली जाई त्या किनाऱ्यालगतच्या भूखंडांची चौकशी मुंबई-पुण्याहून होऊ लागली. ज्याने तीन पिढ्यांत गुंठाभरही विकला नाही, त्याच्याही जमिनीचा भाव त्यामुळे कागदोपत्री वाढतो.

घरपट्टीची भीती मात्र काहीशी अतिरंजित आहे. डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांपासून ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचे रेडीरेकनर मूल्य अधिक घसारा वजा जाता बांधकामाचे मूल्य, त्यास वापराचा भारांक आणि दर हजारी दर, असा तो हिशेब. समजा, जमीन 1 लाखाची व बांधकाम 6 लाख 72 हजारांचे आहे आणि दर हजारी 80 पैसे आहे. पट्टी सुमारे 618 रुपये येते. जमिनीचा भाव दुप्पट झाला तरी ती 698 होते. परंतु तीच वास्तू वाणिज्य वापराची ठरली, तर 1.25 भारांकाने मूळ मूल्यावरच 772 रुपये होतात. म्हणजे भावापेक्षा नोंद महाग पडते! पर्यटकांसाठी दोन खोल्या दिल्या म्हणून सारे घर वाणिज्य लिहिले गेले काय, चिऱ्याच्या कौलारू घराची नोंद आर.सी.सी. म्हणून झाली काय, वय व क्षेत्रफळ बरोबर आहे काय, हे नमुना 8 च्या उताऱ्यावर पाहावे. व्यापारी कुटुंबे वहीतील आण्याची चूक शोधतात. हा उतारा मात्र वर्षानुवर्षे उघडत नाहीत.

खरे ओझे विक्रीच्या वेळी येते. दोन वर्षे स्थिर राहिलेले रेडीरेकनर दर 1 एप्रिल 2025 पासून वाढले. ग्रामीण भागातील सरासरी वाढ 3.36 टक्के होती. टक्का लहान दिसतो, पण तक्ता विभागवार असतो. लाटांनी कुरतडलेला किंवा सागरी नियमन क्षेत्राच्या बंधनामुळे बांधकामास निरुपयोगी ठरलेला बिनशेती भूखंड आणि त्याच विभागातील सुरक्षित भूखंड यांना तो बहुधा एकाच मापाने मोजतो. गिऱ्हाईक अर्थातच तसे मोजत नाही. असा भूखंड 40 लाखांना गेला आणि मुद्रांक मूल्य 46 लाख निघाले, तर फरक दहा टक्क्यांच्या सवलतीपलीकडे जातो. मग विक्रेत्याचा भांडवली नफा 46 लाख धरून मोजला जातो आणि खरेदीदाराच्या उत्पन्नात 6 लाखांची भर पडते. न मिळालेल्या पैशावर दोघांनाही कर!

यावर उपाय आहे, तो फारसा वापरला जात नाही इतकेच. मुद्रांक मूल्य बाजारभावाहून अधिक असल्याचे सांगून आयकर अधिकाऱ्याकडे मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याच्या अहवालाची मागणी करता येते. त्यासाठी धूप दाखवणारी दिनांकित छायाचित्रे, मोजणीचा नकाशा आणि नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल खरेदीखतापूर्वीच जमवावा. विवरणपत्र भरताना धावपळ करून ते हाती लागत नाहीत. घरपट्टीच्या बाबतीत आकारणी यादीवर ग्रामपंचायतीकडे लेखी हरकत घ्यावी व पोच ठेवावी. तेथे दाद न मिळाल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते.