स्वखुशीचे राजीनामे

वर्षभर एका प्रश्नाने डोकं उठवलंय. "काय मग, सध्या कुठे?" लग्नाच्या मांडवात, बारशाच्या पंगतीत, कर्जतच्या फलाटावर वडापाव खाता खाता तो विचारला जातो. ज्याला विचारतात तो तेविशीचा पोरगा "चाललंय काका, घरूनच काम आहे" असं पुटपुटतो आणि सटकतो. त्याची नोकरी दोन-तीन महिन्यांपूर्वीच गेलेली असते. विचारणाऱ्याच्या कानावरही ते बहुतेक वेळा आलेलं असतं. या दोन्ही बाजूंच्या सोंगाचा मला यंदा मनस्वी राग आला आहे, आणि संपादकाचा राग दिवाळीला वाचकांनी सोसायचा ही आपली जुनी रीत आहे.

लिहायला दुसरे विषय नव्हते असं नाही. २६ मे २०२५लाच मान्सून मुंबईत येऊन धडकला आणि आमच्याकडे भाताच्या पेरणीची त्रेधा उडाली. त्याच महिन्यात जयंत नारळीकर गेले. पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारने जूनअखेर गुंडाळला, जुलैत रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसायादीत गेले. या सगळ्यावर इतर अंकांत भरपूर वाचाल.

आमच्या ओळखीत खालापूर तालुक्यातला एक मुलगा आहे. कॉम्प्युटर इंजिनिअर. कॅम्पसमधून नोकरी लागली तेव्हा नाक्यावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता, खाली शुभेच्छुकांची ही मोठी रांग. सोळा महिन्यांनी एका दुपारी चार वाजता पंधरा मिनिटांची व्हिडिओ मीटिंग झाली. एचआरच्या बाईंनी आवाज जराही न चढवता सांगितलं की प्रोजेक्ट संपलाय, दुसरीकडे जागा नाही. स्वतःहून राजीनामा टाकलात तर अनुभवाचं पत्र स्वच्छ मिळेल, नाहीतर पुढे अडचण येईल. सहापर्यंत कळवा. याने साडेपाचला पोर्टलवर बटण दाबलं. राजीनाम्याचं कारण तयार यादीतूनच निवडायचं होतं, म्हणून 'वैयक्तिक' निवडलं. सहाला लॅपटॉप कुलूपबंद. तो परत न्यायला कुरिअरवाला गावापर्यंत येईना, तेव्हा वडील स्वतः खोपोलीला जाऊन देऊन आले. वाटेत शेजारी भेटले, त्यांना म्हणाले, "दुरुस्तीला नेतोय." पुढे कितीतरी दिवस पोरगा सकाळच्या लोकलने निघत राहिला. ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी धरणाऱ्या मंडळींनी त्याला ओळखलं ते बॅगेवरून. रोज फुगलेली असायची ती पाठीला चपटी चिकटली होती.

त्या बटणाने काय गेलं ते बघा. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची छाटणी करायची तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागायचा, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. सर्वसाधारणपणे शेवटी आलेल्याला आधी काढायचं, तसं केलं नाही तर कारण नोंदवायचं. त्याच जागी पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला आधी विचारायचं. संगणकावर काम करणारा पोरगा या कायद्यात 'कामगार' ठरतो का, यावर कंपन्यांचे वकील वाद घालायचे. पण व्याख्येत तांत्रिक काम स्पष्ट होतं, आणि हाताखाली एकही माणूस नसलेल्या नवशिक्याला व्यवस्थापक म्हणणं त्यांनाही जड जायचं. राजीनामा दिला की मात्र हा वादच मिटायचा. स्वखुशीने गेलेल्याची छाटणी कशी होणार?

सरकारकडे बघावं तर २०२५मध्ये कर्मचारी राज्य विम्यात 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' होती. नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मे पैसे त्यातून मिळायचे. पण त्या विम्याची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये होती, आणि वर्षाला साडेतीन लाखांच्या पॅकेजवाला तिच्या वर बसायचा. म्हणजे योजनेसाठी श्रीमंत आणि शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यासाठी गरीब! कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. कंपनीच्या गटविम्यात आईवडिलांची नावं असतात, तो विमाही नोकरीबरोबर जातो.

२०२५च्या फेब्रुवारीत इन्फोसिसने म्हैसूरहून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी घरी पाठवले. त्यांतल्या अनेकांना नेमणुकीचं पत्र २०२२ साली मिळालं होतं आणि रुजू व्हायला दोन वर्षं वाट पाहावी लागली होती. परीक्षेच्या तीन संधी दिल्या होत्या आणि अट करारातच होती, असं कंपनी म्हणाली. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. जूनमध्ये टीसीएसने नियम केला की वर्षात २२५ दिवस बिलिंगचं काम हवं, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांहून जास्त नाही. जुलैत सुमारे १२,००० माणसं कमी करणार असं जाहीर केलं, त्यांत भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. वरच्यांची बातमी होते. खालच्या फळीतला पोरगा 'वैयक्तिक कारणा'ने जातो, त्याची मोजणीही होत नाही.

कर्जत-खालापूर या आमच्या दोन तालुक्यांना नोकऱ्या जाणं नवं नाही. रसायनीच्या वेशीवरची हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी १९६० सालची. २०१७मध्ये केंद्राने तिथलं बहुतेक उत्पादन बंद करायचं ठरवलं. तिथेही स्वेच्छानिवृत्तीच होती, आणि ती किती स्वेच्छेची ते सगळ्यांना माहीत होतं. पण तिला गेट होतं, गेटवर सभा होती, युनियन होती, आकड्यावरून घासाघीस होती. संध्याकाळी कारखान्यातला माणूस चहाच्या टपरीवर बसून मोकळेपणी शिव्या द्यायचा आणि चार जण हुंकार भरायचे. १९८२च्या संपात अडीच लाख गिरणी कामगारांचं वाटोळं झालं, त्या दिवसांचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. तरी एक खरं, की चाळीतल्या कुणी त्यांना "तुझंच काहीतरी कमी पडलं असेल" असं ऐकवलं नाही. आज रसायनीतच 'पिल्लई एचओसी' अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बंद कारखान्याचं नाव लावून मुलं तिथे कॉम्प्युटर शिकतात. यांतल्या एखाद्याची नोकरी गेली की पहिला सल्ला मिळतो, "नवीन काहीतरी शिक."

दुसरा तोडगा खास आमच्याकडचा आहे: जमीन विका. नोकरी गेल्याचा वास लागला की एजंट दारात येतो. दहा गुंठे काढा, पोराला एमएसला पाठवा. घेणारा मुंबई-पुण्याचा, फार्महाऊसवाला, पुष्कळदा आयटीतलाच. त्याच्या डोक्यावरची टांगती तलवार कुणाला दिसत नाही. याखेरीज 'शंभर टक्के प्लेसमेंट'चे कोर्सवाले आहेत, अनुभवाची खोटी पत्रं विकणारे आहेत. लपवाछपवी जितकी जास्त तितका यांचा धंदा बरा चालतो, कारण ज्याने घरीच सांगितलेलं नाही तो चौकशी तरी कुणाकडे करणार?

म्हणून आईबापांना विनंती आहे, आणि ती जरा दरडावूनच करतो. पोराला आधीच सांगून ठेवा, की असा फोन आला तर त्या दिवशी सही नाही, बटण नाही. "मला लेखी द्या" एवढंच म्हणायचं. नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या घरच्या संगणकावर आजच उतरवून घ्यायच्या, कारण लॅपटॉप बंद झाल्यावर त्या मिळवणं कठीण. नोकरी ज्या शहरात, तिथल्या कामगार आयुक्तालयाची पायरी चढायची लाज वाटून घेऊ नका. आणि शेजाऱ्याने विचारलं तर सांगा, काढलं म्हणून. त्या शेजाऱ्याचा मेहुणा कुठेतरी टीमलीड असतो.

यंदाच्या अंकाचा विषय 'वीज' आहे. तुमच्या या कैफियतीचा विजेशी संबंध काय, असं सहकारी विचारताहेत. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली, तिची ही शंभरी. त्याच्याही आधी, १९१५ला खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं, १९२२ला भिवपुरीचं. आमच्या घाटातल्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. गिरण्या गेल्या, केंद्रं आहेत. बघा, जमला तर संबंध जमला.

एक तक्रार लेखकांकडे. गिरण्यांच्या संपानंतर मराठीत जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक आलं. आमच्याकडे आलेल्या कथांत मात्र सॉफ्टवेअरवाला मुलगा आजही अमेरिकेतच असतो आणि म्हातारी आई फोनकडे डोळे लावून बसलेली असते. पुढच्या अंकासाठी कथा मेअखेरपर्यंत पाठवाव्यात. ही आई शक्यतो नको.