माल दुकानातून शेतात गेला का?

अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत मी बियाणे कंपन्यांच्या प्रचाराचं काम करतो. भिंती रंगवायच्या, भोंग्याची गाडी फिरवायची, प्रात्यक्षिक प्लॉटवर शेतकऱ्यांना न्यायचं, मेळावे घ्यायचे. घर अंतरवाली सराटीत. हंगाम सरला की कंपनीला अहवाल द्यावा लागतो. त्यात मेळाव्याची हजेरी, रंगवलेल्या भिंती, व्हिडिओ किती जणांनी पाहिला, असे आकडे असतात. प्रचार झाला, एवढंच त्यांतून कळतं. तो लागू पडला का, हे कळत नाही, आणि पैसे मोजणाऱ्याला तेच कळायला हवं.

आमचा जालना हा बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत आता केंद्र सरकार ठरवतं. त्यातल्या बोलगार्ड-2 प्रकारच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाला 2024 मध्ये 864 रुपये होते, 2025 मध्ये 901 झाले. सगळ्यांना एकच मर्यादा, त्यामुळे चढाओढ प्रचारावर येते. तो खर्चही शेवटी शेतकऱ्याने दिलेल्या याच पैशांतून निघतो.

पेरणीआधी कृषी सेवा केंद्रांत माल लावला जातो. तो आकडा नेहमीच भरघोस दिसतो, आणि तेवढ्यावर मोहीम यशस्वी ठरवून मोकळं होणारे खूप आहेत. पण दुकानात गेलेली पाकिटं म्हणजे पेरलेली पाकिटं नव्हेत. पेरण्या आटोपल्यावर न खपलेला माल कंपनीकडे परत येतो. लावलेल्या मालातून तो वजा केला की खरी विक्री उरते. नव्या वाणाची कसोटी त्याच्याही पुढची: गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी किती जणांनी यंदा तेच वाण नाव घेऊन मागितलं?

विक्रीत पावसाचाही वाटा असतो. 2023 मध्ये मराठवाड्यात पाऊस जूनच्या शेवटी पोचला. अशा वर्षी विक्री पडली म्हणून प्रचार वाया गेला म्हणणं चूक, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी वाढलेली विक्री आपल्या नावावर मांडणं त्याहून चूक. म्हणून काही गावं मुद्दाम प्रचाराविना ठेवावीत आणि तिथल्या विक्रीशी तुलना करावी. तीही सारख्याला सारखी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचं गाव कोरडवाहू गावाशेजारी मांडून काही सिद्ध होत नाही.

गाजावाजा आणि त्याचं फळ यांतला फरक आमच्या गावाला समजावून सांगावा लागत नाही. 29 ऑगस्ट 2023 ला इथे मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं. 14 ऑक्टोबरला त्यासाठी इथे झालेल्या सभेला किती लोक आले, यावर बाहेर खूप चर्चा झाली. पारावर मात्र आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी किती सापडल्या आणि हातात दाखले किती पडले, हेच विचारलं जायचं.

कंपन्यांनीही तसंच विचारावं. येत्या खरिपाचा करार करतानाच कशावरून यश मोजणार ते लिहून घ्यावं. परत आलेल्या पाकिटांचा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर मागावा, गावनिहाय. आमच्या मोबदल्याचा काही भाग पुढच्या हंगामातली मागणी दिसेपर्यंत राखून ठेवला तरी माझी हरकत नाही.