शनिवार पाळणारी माणसे

आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना ज्यू माणूस बहुधा दोनच ठिकाणी भेटतो. इंग्रजीच्या तासाला तो शायलॉक होऊन सुरी परजतो आणि इतिहासाच्या तासाला हिटलरच्या छळछावणीत मरतो. एके ठिकाणी खलनायक, दुसऱ्या ठिकाणी बळी. तो जगतो कसा, खातो काय, देवाजवळ मागतो काय, हे आपण विचारीत नाही. आणि गंमत अशी की, हे विचारायला फार लांब जावे लागत नाही. अलिबागच्या इस्राएल आळीपर्यंत गेले तरी पुरे.

ज्यू धर्माचा गाभा थोडक्यात सांगता येतो. देव एक आहे व त्याला रूप नाही. म्हणून मूर्ती नाही. त्याने अब्राहामाशी करार केला आणि पुढे मोशेला नियमशास्त्र दिले. मोशेचे पाच ग्रंथ म्हणजेच ‘तोरा’. परंतु नुसत्या तत्त्वांवर कोणताही धर्म जगत नाही. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुन्हा उभारलेले मंदिर इ. स. ७० मध्ये रोमनांनी जाळले. मंदिर गेले, बळी थांबले, पुरोहितांचे काम संपले. एखादा धर्म येथेच संपला असता. ज्यूंनी मात्र आपला धर्म घरात आणला, आणि माझ्या मते हाच त्यांचा सर्वांत मोठा पराक्रम आहे.

म्हणूनच या धर्माच्या खुणा घरात सापडतात. दाराच्या चौकटीवर लहानशा नळीत हाताने लिहिलेले तोरातील वचन असते. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. मग शनिवारी रात्र पडेपर्यंत चूल पेटवायची नाही, धंदा करायचा नाही. मुलाची सुंता आठव्या दिवशी होते. डुकराचे मांस वर्ज्य. मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मासा खवल्यांचा आणि परांचा हवा. वल्हांडणाच्या सणात आठवडाभर बिनखमिराची भाकरी खायची आणि मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची कथा मुलांना सांगायची. योम किप्पूरला दिवसभर निर्जळी उपास करून वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागायची.

हे सारे किती चिवट असते, याचा पुरावा आपल्या कोकणात आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हे केव्हा घडले, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू विसरली. ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. ते मराठी बोलू लागले, तेलाचा घाणा चालवू लागले, आणि शनिवारी तो बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पुढे दावीद राहबी नावाचा ज्यू तेथे आला. त्याने परीक्षा म्हणून बायकांपुढे सगळ्या जातींचे मासे ठेवले, आणि त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, तिचा अर्थ खरा आहे. ग्रंथ बुडाल्यावर जो धर्म उरला, तो स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या हातांत उरला.

आणि तो मराठी होऊन उरला. चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर अशी आडनावे आली. सणांना ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’ अशी नावे पडली. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, नारळ आणि फळे यांचा मलिदा होऊ लागला. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाची मराठी पोथी छापली गेली. तिच्यातील चित्रांत भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. शेजाऱ्यांसारखे होण्यासाठी त्यांना आपला शनिवार सोडावा लागला नाही.

तरीही या कथेचा गोडवाच गाणे योग्य नव्हे. आपल्या जातिव्यवस्थेने त्यांना तेल्यांच्या रांगेत बसविले, आणि त्यांच्यातही ‘गोरे’ व ‘काळे’ इस्राएल असा भेद शिरला. १९४८ नंतर हजारो लोक इस्राएलला गेले. तेथे १९६२ मध्ये धर्मगुरूंनी आज्ञा काढली की, इतर ज्यूंशी विवाह करू पाहणाऱ्या बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. ज्यांनी ग्रंथावाचून शेकडो वर्षे शब्बाथ पाळला, त्यांनाच शुद्धतेचा दाखला मागितला गेला! त्यांनी निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू असल्याचे जाहीर केले.

मला वाटते, हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. माणूस कोणत्या धर्माचा, कोणत्या भूमीचा, हे वंशावळीवरून ठरवायचे की त्याच्या रोजच्या आचरणावरून? दाखले मागण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. पण आता भारतात चार-पाच हजारच ज्यू उरले आहेत. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि कोकणातल्या कित्येक प्रार्थनामंदिरांत तेवढेही जमत नाहीत. दर्जा देणे शासनाचे काम होते. ओळख करून घेणे आपले आहे. आपल्या इतिहास मंडळाची पुढची सहल आणखी एका किल्ल्यावर न नेता नवगाव-अलिबागला न्यावी, आणि मराठीच्या विभागाने बेने इस्राएलांच्या मराठीचे नमुने गोळा करावेत. ती बोलणारी वडीलधारी माणसे अजून आहेत. आणखी वीस वर्षांनी आपल्याला थडग्यांवरची मराठी तेवढी वाचायला मिळेल.