जाळ्याइतकेच लक्ष नाल्याकडेही हवे

ठाणे खाडीतील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाले. २०२२ मध्ये भोवतालच्या परिसरासह ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आले. पाणथळ जागेला असा दर्जा मिळाला, की एक प्रश्न हमखास उभा राहतो: इथे मासेमारीला किती मुभा द्यायची?

नियमन हवेच. बारीक आसाच्या जाळ्यात मासळीची पिल्ले जातात आणि पुढच्या वर्षीचा हंगाम बुडतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर पक्षी चरतात. तिथे यांत्रिक होड्यांचा वावर वाढला तर थवे उठतात. पण नियमन म्हणजे कोळी समाजाला हुसकावणे नव्हे. रामसर करार पाणथळ जागांच्या 'सुज्ञ वापरा'चा आग्रह धरतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातही सागरी क्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची तरतूद आहे.

आरोग्याच्या दृष्टीने मोठा प्रश्न वेगळाच आहे. या खाडीत मुंबई, ठाणे, नवी मुंबईचे सांडपाणी येते. एका काठाला ठाणे-बेलापूरची औद्योगिक वसाहत आहे, तर दुसऱ्या काठाला देवनारची कचराभूमी. लहान फ्लेमिंगोचे मुख्य खाद्य नील-हरित शेवाळ. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर ते फोफावू शकते. म्हणून गुलाबी थवे दिसले म्हणजे पाणी स्वच्छ, असे समजू नये.

पाण्यातले जड धातू चिखलात बसतात. ऑक्सिजन नसलेल्या गाळातले जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो लहान जिवांतून मोठ्या माशांत आणि तिथून माणसात साठत जातो. गर्भातल्या मुलाच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. त्याआधी तिथली मांजरे आणि पक्षी तडफडून मरत होते. इशारा मिळाला होता. तो वाचला गेला नाही.

घरातल्या स्वयंपाकाने यातला निम्माच धोका टळतो. तिसऱ्या, कालवे पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे सांडपाण्यातले जंतू आणि विषाणू त्यांच्यात साठतात. त्या नीट शिजवल्या तर जंतू मरतात. धातू मात्र उकळल्याने जात नाहीत. म्हणून मासे खाणे सोडायचे का? नाही. मासळी उत्तम प्रथिने देते. गरोदर स्त्रियांनी सुरमई, मुशी यांसारखे मोठे शिकारी मासे वारंवार खाऊ नयेत, लहान मासळी आलटूनपालटून खावी. नाल्याच्या तोंडाशी गोळा केलेले शिंपले कोणीच खाऊ नयेत.

याची जबाबदारी एकट्या ग्राहकावर टाकता येणार नाही. खाडीतील बोय, चिंबोरी, कोळंबी, तिसऱ्या यांची ठरावीक काळाने तपासणी व्हावी आणि निष्कर्ष मराठीत, कोळीवाड्यांत आणि मासळी बाजारांत लावले जावेत. या खाडीतली मासळी सर्वांत जास्त खाणारी माणसे काठावरच राहतात. त्यांना आधी कळायला हवे. जाळ्याच्या आसाचे माप घेणारी यंत्रणा नाल्यातून येणाऱ्या पाण्याचेही माप घेऊ लागली, तर पक्षी आणि माणूस दोघांचेही रक्षण होईल.