सील बदलणाऱ्या हाताची किंमत

आपल्या मालवण-कुडाळ भागात गाडीतून तेल गळतंय हे लवकर कळत नाही. अंगण जांभ्याचं असेल तर दगड तेल पिऊन टाकतो, आणि गाडीखाली जे ओलं राहतं त्यावर तांबडी धूळ चिकटून जाड थर बसतो. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे एक्सल गिअरबॉक्समध्ये शिरतो, तिथे असा थर दिसला तर समजावं, एक्सलचं ऑइल सील गेलंय.

हे सील म्हणजे रबराची एक कडी. आत बारीक स्प्रिंग असते, ती रबराची कड फिरत्या एक्सलवर दाबून धरते. कड कडक झाली, झिजली, की तेल पाझरतं. छोट्या मॅन्युअल गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतं साधारण दोन लिटर. तेवढ्यातलं निम्मं गेलं आणि गाडी भरल्या सामानासह आंबोली किंवा फोंडा घाट चढू लागली, तर बेअरिंग आणि गिअर कोरडे घासतात. काही शे रुपयांत सुटणारं काम मग हजारोंवर जातं. सहा आसनी किंवा पर्यटकांची गाडी चालवणाऱ्या घराला तो ऐन हंगामातला फटका असतो.

तरीही गॅरेजात दोन वाक्यं कायम ऐकू येतात. एक, ‘थोडं तेल टाका, पुढचं पुढं बघू.’ दुसरं, ‘एवढ्याशा रबराला एवढी मजुरी?’ मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या वाक्याबद्दल.

मजुरी रबराची नसतेच. आधी खालची बाजू धुऊन गळती नेमकी कुठली हे ठरवावं लागतं. वरून ओघळलेलं इंजिन ऑइल, फाटलेल्या बुटातलं ग्रीस आणि गिअर ऑइल यांतला फरक अनुभवी मिस्त्री बोटाने आणि वासाने सांगतो. मग तेल काढायचं, चाक उतरवायचं, एक्सल बाहेर घ्यायचा. जुनं सील उचकटताना बसणीला ओरखडा गेला तर नवंही गळणार. नवं सील तिरकं बसलं तरी गळणार. एक्सलवर चर पडलीय का, बेअरिंगला खेळ आहे का, गिअरबॉक्सचा ब्रीदर चिखलाने बुजलाय का, हे पाहावंच लागतं. ब्रीदर बंद असेल तर तापलेल्या गिअरबॉक्समधला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. शेवटी कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल योग्य पातळीपर्यंत भरायचं. ऑटोमॅटिक गाडीत चुकीचं तेल तर अख्खा गिअरबॉक्स खाऊ शकतं.

हे सगळं ज्याला येतं, त्याच्याकडे बहुधा कागद नसतो. तो दहा-बारा वर्षांचा असताना उस्तादाकडे पाने धुवायला लागला आणि तिथेच घडला. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात नोंदवलं होतं की, वाहनदुरुस्तीसारख्या स्वयंरोजगारात मुसलमानांचं प्रमाण तुलनेने जास्त आहे. या आकड्याचा आपण अभिमानही बाळगतो आणि त्याची लाजही वाटून घेतो. दोन्हींतून हाती काही लागत नाही. प्रश्न असा आहे की, या हातातल्या विद्येला मान्यता कधी मिळणार? कागद नाही म्हणून बँक कर्ज देताना हात आखडते, कंपनीच्या वर्कशॉपात दार उघडत नाही, आणि गिऱ्हाईक ‘साधा मेकॅनिक’ म्हणून घासाघीस करतं.

मार्ग नाही असं नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच अवगत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. आपल्या जमातींनी, मोहल्ला कमिट्यांनी वर्षातून एकदा तरी गॅरेजवाल्यांना एकत्र बोलावून हे अर्ज भरून घ्यावेत. उस्तादांनीही पोराला दहावी होईपर्यंत पाना हातात देऊ नये. पुढे विजेच्या गाड्या वाढतील. त्यांच्याही गिअरबॉक्समध्ये तेल आणि एक्सलला सील असतंच, पण बाकीचं काम वाचता-लिहिता येणाऱ्यालाच जमेल.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? डाग दिसताच गाडी दाखवावी, आणि बिलात सील व मजुरी वेगळी लिहून मागावी. मजुरीचा आकडा सीलपेक्षा मोठा असेल. तो तसाच असायला हवा.