नऊ आधी की दहा?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकांनो, एखादं मूल घरच्या लिनक्सवर टॉरचा रिले चालवून बघतो म्हणालं, तर लगेच दचकू नका. टॉर म्हणजे वापरणाऱ्याची ओळख लपवणारं जाळं. माहिती साधारण तीन संगणकांमधून फिरून पुढे जाते आणि रिले म्हणजे त्यातला एक टप्पा. शिकण्यासारखं त्यात भरपूर आहे.

पण तो अडला की मुलं काय करतात? नेटवरून एक ओळ उचलून कुठल्यातरी फाइलमध्ये चिकटवतात, नाही चाललं की दुसरी. माझं मत स्पष्ट आहे: इथे मुलाला थांबवा आणि एकच प्रश्न विचारा. यंत्राने काय वाचलं आणि कुठल्या क्रमाने?

टॉरच्या सेटिंग्ज 'टॉरआरसी' नावाच्या फाइलमध्ये असतात. ती लांबली की तुकडे करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवता येतात, पण मुख्य फाइलमध्ये 'इन्क्लूड'ची ओळ चालू असेल तरच ते वाचले जातात. नमुना फाइलमध्ये ती ओळ पुढे # लावून बंद ठेवलेली असते. म्हणजे मूल ज्या फाइलशी तासभर झटतंय, ती टॉरने उघडलेलीच नाही, असंही होतं!

फोल्डरमधल्या फाइली शब्दकोशाच्या क्रमाने वाचल्या जातात. म्हणून '१०-'ने सुरू होणारी फाइल '९-'च्या आधी येते. गणिताच्या तासाला हे चूक ठरेल, पण इथे पहिलं चिन्ह आधी बघितलं जातं. '०९' लिहिलं की प्रश्न मिटला.

हा क्रम महाग पडू शकतो. समजा पहिल्या फाइलमध्ये 'एक्झिटरिले ०' आहे, म्हणजे इतरांची वाहतूक आपल्या संगणकातून बाहेरच्या संकेतस्थळांकडे जाऊ द्यायची नाही. पुढच्या एका फाइलमध्ये कुठून तरी आणलेलं 'एक्झिटरिले १' राहून गेलं. अशी सेटिंग दोनदा आली की टॉर शेवटची मानतो. लॉगमध्ये इशारा देतो म्हणा, पण लॉग वाचतंय कोण! आता कुणा अनोळखी माणसाचा उद्योग समोरच्याला तुमच्या घरच्या आयपी पत्त्यावरून आलेला दिसणार, आणि तक्रारही तुमच्याच दारी येणार. 'एक्झिटपॉलिसी'चं मात्र उलटं. तिच्या ओळी साठत जातात आणि वरून जी आधी जुळेल ती लागू होते.

हे पाठ करून जमणार नाही, तपासूनच बघावं लागतं. 'व्हेरिफाय-कॉन्फिग' हा पर्याय दिला की टॉर रिले सुरू न करता फाइली तपासतो. 'डम्प-कॉन्फिग शॉर्ट' दिलं की शेवटी कुठल्या सेटिंग्ज उरल्या ते दाखवतो. डेबियनवर आणखी एक खोच आहे. तिथे 'टॉर' ही सेवा चालू दिसते, पण ती नुसती पाटी. खरं काम 'टॉर ॲट डिफॉल्ट' करते आणि लॉगही तिचाच बघायचा.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी मुलांना या तपासणीपर्यंतच नेईन. रिले प्रत्यक्ष चालू करायचा का, हे इंटरनेटचं बिल ज्याच्या नावावर येतं त्याच्याशी बोलून घरीच ठरवावं.